मुद्दाम की चुकून

दातांच्या डॉक्टरांची मुलगी चावते, ही बातमी गल्लीभर व्हायला फारसा वेळ लागला नाही. डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर. खाली लोक तोंड उघडून गप्प बसायचे, आणि वर त्यांची पाच वर्षांची मुलगी तोंड उघडून कुणाच्या तरी मागे धावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं शेजारीपाजारी म्हणत. डॉक्टरांच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, कारण आज ना उद्या प्रत्येकाला त्या खुर्चीत बसायचंच होतं.

मुलीला सगळे खारू म्हणत. पुढचे दोन दात जरा मोठे, गाल फुगलेले आणि एका जागी बसायचं म्हणजे शिक्षा. त्यामुळे कुणीतरी तिला खारूताई म्हणालं आणि त्यातली ताई पुढे कुठेतरी गळून पडली.

एका संध्याकाळी दवाखान्यात बेकरीवाला आला. भुवयांना पीठ लागलेलं, हाताची घडी, आणि मागे त्याचा मुलगा. हा खारूच्याच वर्गातला. वर्गात सगळ्यात उंच म्हणून त्याला लंबू म्हणत. बेकरीवाल्याने काही न बोलता मुलाची बाही वर सरकवली. दंडावर दातांच्या खुणांचं एक सुबक वर्तुळ उमटलं होतं.

डॉक्टरांनी सवयीने वरचा दिवा ओढून खाली घेतला.

"वरचे दोन जरा पुढे आहेत," ते पुटपुटले. "खालचा डावीकडचा थोडा तिरका. पण चावा एकसारखा बसलाय. जबड्याची वाढ उत्तम आहे."

"डॉक्टर, मी हात दाखवायला आणलाय, दात नाही."

"हो, हो," डॉक्टर ओशाळले. "दात आमच्याच घरचे आहेत. मी ओळखले."

"चुकून चावली असेल," लंबू म्हणाला.

"चुकून कोण चावतं रे?" बाप म्हणाला.

"मी एकदा जीभ चावली होती. चुकून."

 बेकरीवाल्याने दात आवळले आणि लगेच गालावर हात धरला. डॉक्टरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. कधीपासून दुखतंय, थंड लागतं का, असं विचारता विचारता त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. अर्ध्या तासाने बेकरीवाला बाहेर पडला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा बधिर होता आणि तोंडात कापूस होता. दारातून वळून त्याने तक्रारीचा उरलेला भाग सांगायचा प्रयत्न केला, पण तो कुणालाच कळला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बालवाडीच्या बाईंना भेटायला गेले. बाई शांत स्वभावाच्या होत्या. आजवर त्यांनी चावणारी, ओरबाडणारी, थुंकणारी अशी सगळ्या प्रकारची मुलं वाढवली होती.

"चावण्याचं मला फार वाटत नाही," त्या म्हणाल्या. "या वयात हात, पाय, दात, जे जवळ असेल ते मुलं वापरतात. माझी काळजी वेगळी आहे. खारूला वाटतं, जगात जे काही होतं ते मुद्दाम होतं. लंबूचं कोपर लागून तिचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. त्याचं लक्षही नव्हतं. पण ही म्हणाली, मुद्दाम पाडला, आणि घेतला चावा. परवा टेबलाला अडखळली तर तिने टेबलालाच लाथ मारली. मी विचारलं, का गं? तर म्हणे, त्याने मुद्दाम पाय पुढे केला."

"टेबलाने?"

"टेबलाने. दुसऱ्याच्या मनात काय असेल, याचा ती एकच अंदाज करते. म्हणजे, समोरचा आपल्यावर टपलेलाच आहे. हे ती शिकली कुठून ते बघा."

डॉक्टरांना फार शोधावं लागलं नाही. खारूची आई शहरात बस चालवायची. सुट्टीच्या दिवशी तिघं घरच्या छोट्या गाडीतून बाहेर पडली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदाच बायकोकडे कान देऊन बसले.

"बघितलंस, मुद्दाम घुसला," खारूची आई म्हणाली.

"मुद्दाम," मागच्या सीटवरून खारू म्हणाली.

"आता हा म्हातारा मुद्दाम हळू चालणार."

"मुद्दाम."

"आणि हा सिग्नल. मी आले की मुद्दाम लाल होतो."

"मुद्दाम," खारू म्हणाली, आणि पाढे म्हणावेत तसा तिने ठेकाच धरला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी विषय काढला. खारूची आई भडकली.

"म्हणजे माझ्यामुळे? मी कुणाला चावते का?"

"नाही. पण तुझ्याकडे हॉर्न आहे. तिच्याकडे नाही. मग ती दात वापरते."

खारूच्या आईने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "काय करायचं सांग."

बाईंनी सुचवलेला उपाय सोपा होता. काहीही झालं की आधी थांबायचं आणि समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचा विचार करायचा. मुद्दाम की चुकून, हे त्यानंतर ठरवायचं. डॉक्टरांनी त्याचा खेळच केला. जेवताना ते खारूच्या हातावर पाणी सांडत आणि विचारत, "मुद्दाम की चुकून?" खारू त्यांच्याकडे बघून म्हणे, "मुद्दाम. तू आधी माझ्याकडे बघितलंस." मग त्यांनी न बघता सांडायला सुरुवात केली. मग खरोखर चुकून सांडायला लागलं. घरातली लादी कायम ओली, आणि एकदा त्यावरून डॉक्टर स्वतःच सपशेल आडवे झाले. खारूने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चुकून."

आईची परीक्षा जास्त कठीण होती. तिने बसमध्येसुद्धा सराव चालू ठेवला. कुणी आडवं घुसलं की ती हॉर्नवरचा हात मागे घेई आणि दात चावत मोठ्याने म्हणे, "त्या बिचाऱ्याच्या पोटात कळ आली असेल. त्याला लवकर घरी पोहोचायचं असेल." पुढच्या सीटवरचे प्रवासी एकमेकांकडे बघत. एका बाईने तर घरी जाऊन सांगितलं, की आपल्या मार्गावरच्या ड्रायव्हरबाईंना रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या पोटातलं कळतं.

खारूला मात्र खेळाची गोडी लागली. ती दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसे आणि लोकांचे चेहरे न्याहाळत राही. एकदा बाबांच्या कानात म्हणाली, "त्या काकांचा दात दुखत नाहीये. त्यांना घरी जायचं नाहीये." डॉक्टरांनी त्या गृहस्थांचा दात ठोकून पाहिला, तर दात ठणठणीत. गृहस्थ म्हणाले, घरी पाहुणे आलेत, थोडा वेळ बसू का इथे.

चावणं थांबलं. आईबाबा हरखून गेले. पोर किती समजूतदार झाली, असं ते एकमेकांना उठता बसता सांगू लागले. बेकरीवाल्यालाही सांगितलं. त्याचा दातही बरा झाला होता, त्यामुळे त्याने मोठ्या मनाने मान डोलावली.

बाई मात्र कोड्यात पडल्या होत्या. खारू चावत नव्हती, पण वर्गात मारामाऱ्या वाढल्या होत्या. इतके दिवस एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरणारी पोरं एकमेकांच्या गळ्यावर उठली होती. पाणी पिण्याच्या नळापाशी भांडण, चपलांपाशी भांडण, वाळूच्या हौदात तर रोजचंच युद्ध. आणि प्रत्येक युद्धाच्या वेळी खारू कुठेतरी दुसरीकडे साळसूदपणे बसलेली असायची. बहुधा झोपाळ्यावर. कारण झोपाळ्यावरची पोरं तेव्हा मारामारी करायला गेलेली असायची.

एक दिवस झिपरीने टिल्लूला वाळूत ढकललं. झिपरी म्हणजे केस कायम विस्कटलेली एक मवाळ मुलगी, आणि टिल्लू म्हणजे वर्गातला सगळ्यात लहान मुलगा. बाईंनी दोघांना बाजूला घेतलं.

"का ढकललंस गं?"

"तो मला झाडू म्हणाला."

"मी नाही म्हणालो," टिल्लू वाळू थुंकत म्हणाला.

"तोंडाने नाही, मनात म्हणाला."

"मनातलं तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"मला नाही कळलं. खारूला कळलं. तिला सगळ्यांच्या मनातलं कळतं. तिने सांगितलं."

बाईंनी झोपाळ्याकडे पाहिलं. खारू उंच झोके घेत होती.

मग बाईंनी सूत धरलं आणि सगळा गुंता उलगडत गेला. खारूला प्रत्येकाची दुखरी जागा माहीत झाली होती. झिपरीला केसांची लाज वाटते, टिल्लूला लहान म्हटलेलं चालत नाही, कोण काळोखाला भितो, कुणाला आपली आई आपल्यापेक्षा बाळावर जास्त प्रेम करते असं वाटतं. तिला ज्या वेळी जे हवं असेल, गाडी, खडूंचा डबा, खिडकीजवळची जागा, त्या वेळी ती तिथल्या दोघांपैकी एकाच्या कानात जाऊन हळूच काडी टाकायची. पुढचं काम ते दोघं करायचे. खारू नामानिराळी.

डॉक्टरांना पुन्हा बोलावणं आलं. या वेळी बायकोही बरोबर होती.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "ती चावायची तेव्हा बरं होतं. निदान कोण चावलं ते कळायचं."

घरी त्यांनी खारूला समोर बसवलं.

"मी कुणाला हात लावला नाही," खारूने आधीच सांगितलं. "दातही नाही."

"पण तू कळ लावलीस."

"तूच म्हणालास, डोक्यात काय आहे ते ओळख. मी ओळखलं."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. हे बरोबरच होतं. ओळखायचं शिकवलं होतं, ओळखून काय करायचं ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

"आपण हिला गाडी चालवायला शिकवली," बायको म्हणाली, "आणि ब्रेक दाखवला नाही."

मग दोघांनी मिळून ब्रेक दाखवला. आपल्याला जे कळतं ते दुसऱ्याला दुखवायला वापरायचं नाही, कुणाच्या कानात काही भरवायचं नाही, वगैरे. खारूने सगळं मन लावून ऐकलं, योग्य जागी मान हलवली, शेवटी डोळ्यांत थोडं पाणीही आणलं आणि म्हणाली, "मला कळलं बाबा. मी चुकले." डॉक्टरांना गहिवरून आलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला या वेळी नेमकं हेच ऐकायचं होतं. आणि तिने ते ओळखलं होतं.

"पालथ्या घड्यावर पाणी," ते बायकोला म्हणाले.

"घडा पालथा नाही," ती म्हणाली. "घडा आपल्यालाच पाणी पाजतोय."

आईबापांकडून झालं नाही ते लंबूकडून झालं, आणि तेही त्याला न कळत.

लंबू रोज खिडकीखालच्या कोपऱ्यात ठोकळ्यांचा पूल बांधायचा. तिथे ऊन यायचं, ठोकळे बांधायला जमीन सपाट होती आणि खारूला आता तो कोपरा हवा होता. ती नेहमीप्रमाणे त्याच्या कानाशी गेली.

"झिपरीने मनात ठरवलंय, तुझा पूल पाडायचा."

"बरं," लंबू म्हणाला आणि त्याने पुलावर आणखी एक ठोकळा ठेवला.

"तुला राग नाही आला?"

"ती आत्ता दूध पितेय."

दुसऱ्या दिवशी खारूने सांगितलं, की टिल्लू मनात तुला खांब म्हणतो. लंबूला हे आवडलं. तो म्हणाला, पुलाला खांब लागतातच. तिसऱ्या वेळी तिने सांगितलं, की बेकरीतला पाव कुणालाच आवडत नाही, सगळे घरी नेऊन टाकून देतात. लंबूने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग आम्हाला रोज जास्त करावा लागतो तो त्यामुळेच."

खारूच्या नाकी नऊ आले. असा माणूस तिने पाहिला नव्हता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं, ओठ दुमडतात, डोळे बारीक होतात. याच्या चेहऱ्यावर नुसता चेहराच होता. शेवटी तिचा धीर सुटला. ती उठली आणि सगळ्यांदेखत तिने त्या पुलाला लाथ मारली. ठोकळे खडखडत वर्गभर गेले.

लंबूने ठोकळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुकून लागला का पाय?" त्याने विचारलं.

"नाही. मी मुद्दाम पाडला."

"जोरात लागलं असेल. बघू अंगठा."

"मी मुद्दाम पाडला. मुद्दाम. मी ठरवून पाडला."

"ठोकळ्याची कड टोकदार असते," लंबू म्हणाला. "मलाही एकदा लागली होती."

खारूने मोठ्याने भोकाड पसरलं. हे रडणं खरं होतं, ते तिला सुरू झाल्यावर कळलं. अंगठाही दुखत होता, ते त्याहून नंतर कळलं. लंबू जाऊन बाईंना घेऊन आला.

"खारूला काहीतरी झालंय," तो म्हणाला.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

खारूने हुंदके देत लंबूकडे बोट दाखवलं. "हा भांडतच नाही."

इतक्या वर्षांत बाईंकडे ही तक्रार पहिल्यांदाच आली होती. एव्हाना सगळा वर्ग भोवती जमला होता. झिपरी पुढे झाली. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"तुला सगळ्यांच्या मनातलं कळतं ना? मग लंबूच्या मनात काय आहे ते सांग."

खारूने डोळे पुसले आणि लंबूच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "त्याला राग आलाय. तो लपवतोय."

"नाही आला," लंबू म्हणाला.

"मग त्याला भूक लागलीय."

"आत्ताच खाल्लं."

"मग त्याला घरी जायचंय."

लंबूने नकारार्थी मान हलवली. वर्गात कुजबुज सुरू झाली. झिपरीने टिल्लूकडे वळून विचारलं, "तू खरंच मला मनात झाडू म्हणालास?"

"मी मनात काही बोलतच नाही," टिल्लू म्हणाला. "मी सगळं तोंडाने बोलतो."

हे सगळ्यांना पटलं, कारण टिल्लूचं तोंड कुणी कधी बंद पाहिलं नव्हतं. खारूची मनं वाचण्याची विद्या तिथेच संपली. थोड्या वेळाने पोरं पांगली. वाळूच्या हौदात झिपरी टिल्लूसाठी एक खड्डा खणू लागली, आणि टिल्लू आनंदाने त्यात जाऊन बसला. खारूकडे कुणी पाहत नव्हतं. झोपाळा रिकामा होता, पण तिला तिकडे जावंसं वाटेना.

ती लंबूजवळ बसली. तो सांडलेले ठोकळे गोळा करत होता. तिनेही दोन उचलून दिले.

"तुला माहीत होतं ना, मी मुद्दाम पाडला ते?" तिने हळूच विचारलं.

"हो," लंबू म्हणाला.

खारूने आ वासला. "मग चुकून का म्हणालास?"

"मुद्दाम म्हटलं असतं तर भांडावं लागलं असतं. भांडायला खूप वेळ लागतो. घंटा झाली की बाई ठोकळे काढून घेतात."

खारूने यावर बराच विचार केला. इतका साधा हिशेब तिच्या मनात कधी आला नव्हता.

"म्हणून मी तुझ्या हाताला चावले तेव्हाही..."

"तेव्हा दुखलं होतं," लंबू म्हणाला. "पण माझ्या बाबांना तेव्हा खूप राग आला होता. दोघांनी रागवून काय करायचं?"

खारूने त्याच्या दंडाकडे पाहिलं. आता तिथे काही नव्हतं. तिने बाहीवरून एकदा हात फिरवला, धूळ झटकावी तसा. लंबूने एक ठोकळा तिच्यापुढे सरकवला. तिने तो कुठे ठेवायचा म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तिथे नेहमीप्रमाणे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तिला विचारावं लागलं.

"कुठे ठेवू?"

"तिथे. तो दुसरा खांब."

"आणि आत्ता तुझ्या मनात काय आहे? मघाशी सगळे विचारत होते तेव्हा काय होतं?"

"तेव्हा?" लंबू म्हणाला. "तेव्हा मी विचार करत होतो, माशांना तहान लागते का."

खारूचा हात तिथल्या तिथे थांबला. हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता, आणि त्याचं उत्तर कुणाच्याही चेहऱ्यावर दिसण्यासारखं नव्हतं. घंटा होईपर्यंत दोघं त्यावर बोलत राहिली. पूल तसाच अर्धवट राहिला. मासे पाण्यात असतात म्हणून त्यांना तहान लागत नसेल, असं खारू म्हणाली. पण आपण हवेत असतो आणि तरी आपल्याला श्वास घ्यावा लागतो, असं लंबू म्हणाला. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मलाही नक्की माहीत नाही, पण उद्या बघून सांगते.

खारूला उद्यापर्यंत थांबवेना. संध्याकाळी ती थेट दवाखान्यात शिरली. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आ वासून बसले होते. तोंडात दोन नळ्या, गालात कापूस.

"काका," खारूने विचारलं, "माशांना तहान लागते का?"

गृहस्थांनी डोळे मोठे करून काहीतरी घशातून आवाज काढला.

"त्यांना आत्ता बोलता येत नाहीये गं," डॉक्टर म्हणाले. "चूळ भरू दे आधी त्यांना."

"बरं," खारू म्हणाली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.